पहिला कोडप्लग स्वतःच्या हाताने लिहा

डीएमआरचा सेट हौसेने घेतला, चार दिवस वापरला आणि मग कपाटात ठेवून दिला, असं सांगणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, मला वारंवार भेटतात. नेमकं काय अडलं असं विचारलं तर उत्तर जवळपास ठरलेलं असतं: ‘ते फार किचकट आहे हो.’ डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, तितका किचकट नाही. त्यात समजून घेण्यासारख्या पाच-सहा गोष्टी आहेत आणि दोन-तीन संध्याकाळी शांतपणे बसलं तर त्या समजतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सेट घरी आला रे आला की कुणाकडून तरी तयार कोडप्लग मागवून तो सेटमध्ये भरला जातो. सेटने कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कुणाशी, कसं बोलायचं याची सगळी मांडणी ज्या फाइलमध्ये असते, तो कोडप्लग. त्या आयत्या फाइलमध्ये दोन-तीनशे चॅनल असतात आणि त्यातला एकही आपण भरलेला नसतो. मग एखादा चॅनल मुका झाला की शोधायचं कुठून, हेच कळत नाही.

म्हणून डीएमआरकडे नव्याने वळणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं एकच आहे. पहिला कोडप्लग स्वतः लिहा. तीनच चॅनलचा असू दे, पण त्यातला प्रत्येक रकाना तुम्ही भरलेला असू दे.

त्याच्याही आधी परवाना. हे मी नियमाची आठवण म्हणून नाही, तुमच्या काळजीपोटी सांगतो. आपल्याकडे हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या ज्या शाखेकडून मिळतो तिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात. वय बारा वर्षं पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. सर्वसाधारण श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं. मर्यादित श्रेणीला मोर्स नाही, आणि डीएमआर सुरू करायला मर्यादित श्रेणी पुरते. अभ्यास दोन गोष्टींचा: रेडिओचं मूलभूत तंत्र आणि सेवेचे नियम. दहावीचं विज्ञान नीट वाचलेल्या कुणालाही ते झेपतं. परीक्षेचा आणि परवान्याचा अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवरून करता येतो. पुढे परवाना हातात यायला काही महिने जाऊ शकतात, ते धीराने जाऊ द्या.

तेवढा धीर न धरता ऑनलाइन सेट मागवून ठेवणारे पुष्कळ आहेत. परवान्याशिवाय असा सेट बाळगणंच बेकायदेशीर आहे, मग त्यावर बोला किंवा बोलू नका. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकींच्या बेकायदा विक्रीवरून ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्यात अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या. विक्रेत्याने विकलं म्हणून घेणारा मोकळा होत नाही. परवाना आल्यावर सेट घेताना बिल मागून घ्या आणि ते जपून ठेवा.

परवान्याची वाट पाहण्याचे महिने फुकट घालवू नका. डीएमआरची सर्वांत मोठी जागतिक साखळी ब्रँडमायस्टर नावाची आहे आणि तिच्यावरचं बोलणं ब्राउझरमधून ऐकण्याची सोय आहे. रोज अर्धा तास ऐका. लोक कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं आपलं ओळखनाव, कसं सांगतात, दोन बोलण्यांमध्ये किती थांबतात, निरोप कसा घेतात, हे कानावर पडू द्या. गावात किंवा शेजारच्या शहरात कुणी परवानाधारक हॅम असतील तर त्यांच्या घरी जाऊन बसा. या छंदातली माणसं वेळ द्यायला कचरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आता यंत्राच्या पोटात काय चालतं ते पाहू, कारण ते कळलं की कोडप्लगमधला प्रत्येक रकाना आपोआप अर्थपूर्ण होतो. डीएमआर हे युरोपातल्या एत्सी या दूरसंचार मानक संस्थेचं मानक. ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तयार झालं होतं ते कारखाने, हॉटेलं, बंदरं, सुरक्षा सेवा अशा व्यावसायिक वापरासाठी. हौशी लोक त्यात नंतर आले. आले ते एका साध्या कारणाने: मानक खुलं असल्यामुळे ते अनेक कंपन्यांनी उचललं, स्पर्धा झाली आणि सेट स्वस्त झाले. जपानी हौशी संघटनेचं डी-स्टार आणि याएसूचं फ्यूजन हे दोन्ही चांगले प्रकार आहेत, पण त्यांचे सेट मोजक्याच कंपन्यांचे आणि किमतीला चढे.

डीएमआरचं मुख्य कसब वेळेच्या वाटणीत आहे. साडेबारा किलोहर्ट्झ रुंदीच्या एकाच चॅनलवर तीस-तीस मिलिसेकंदांचे दोन टाइम स्लॉट आळीपाळीने येतात. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरते, तसा हा प्रकार, फक्त इथे पाळी डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलते. त्यामुळे एका रिपीटरवर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा जोराने दूरवर सोडणाऱ्या केंद्रावर, एकाच वेळी दोन स्वतंत्र संभाषणं चालतात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. तुमचा सेटसुद्धा बोलताना निम्माच वेळ प्रक्षेपण करत असतो, म्हणून बॅटरी जास्त टिकते. तुम्ही बोलता तो आवाज सेकंदाला २,४५० बिटांत बसवला जातो आणि चुका दुरुस्त करणारे बिट त्याच्या सोबतीला जातात. इतक्या थोड्या जागेत माणसाचा आवाज बसवायचा म्हणून ती सांकेतिक पद्धत फक्त माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहे. मागे कुकरची शिट्टी झाली, पंखा घरघरत असला, रस्त्यावर हॉर्न वाजला, की तिला ते काय आहे हेच कळत नाही आणि पलीकडे तुमचे शब्द चिरडल्यासारखे पोचतात. गॅलरीत उभं राहून बोलण्यापेक्षा दार लावून खोलीत बोलणं डीएमआरवर केव्हाही बरं.

या दोन स्लॉटांवर कोण कुणाशी बोलतंय हे ठरवायला टॉकग्रुपचे क्रमांक असतात. ब्रँडमायस्टरवर ९१ म्हणजे सगळं जग, ४०४ म्हणजे भारत. तुमच्या सेटमध्ये निवडलेला टॉकग्रुप आणि समोरच्याचा टॉकग्रुप जुळला तरच तुमचं बोलणं त्याच्या स्पीकरमधून येतं. शिवाय शून्य ते पंधरामधला एक कलर कोड असतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दूरदूरचे दोन रिपीटर असले तर तुमच्या सेटला आपला कुठला हे त्यावरून कळतं. आणि शेवटी तुमचा स्वतःचा डीएमआर आयडी. हा सात आकडी असतो, जगभर एकमेव असतो, आणि भारतीय हॅमच्या आयडीची सुरुवात ४०४ ने होते. तो रेडिओआयडी या नोंदणीवर परवान्याची प्रत पाठवली की विनामूल्य मिळतो. तो हातात येईपर्यंत दुसऱ्याचा आयडी किंवा मनातला कुठलाही आकडा घालून बोलू नका. तुम्ही पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबता तेव्हा तो आयडी जगभरच्या पडद्यांवर उमटतो. ते तुमचं नाव आहे.

झालं, एवढंच. फ्रिक्वेन्सी, कलर कोड, स्लॉट, टॉकग्रुप, आयडी. यापुढचं सगळं कोडप्लगमध्ये या पाच गोष्टी योग्य रकान्यात बसवणं आहे.

सेट कुठला घ्यावा यावर मी फार वेळ घालवणार नाही. पहिला सेट महागडा घेऊ नका. टीवायटीचा एमडी-यूव्ही ३८० सारखा दोन्ही बँडचा साधा हातातला सेट शिकायला उत्तम. हौशी लोकांनी लिहिलेलं ओपनजीडी-७७ हे मोफत फर्मवेअर चालेल असा सेट मिळाला तर आणखी चांगलं, कारण त्यात पुष्कळ गोष्टी संगणकाशिवाय सेटच्या बटणांवरूनच बदलता येतात. एनीटोनचा ८७८ हाताशी आला तर आनंद आहे, पण त्याच्या मेनूत नवशिक्या हरवतो. डीएमआरचे बहुतेक सेट साधं एफएमही करतात, हे लक्षात ठेवा. त्याची गरज पुढे लागणार आहे.

संगणकावर त्या सेटचं सॉफ्टवेअर घाला, केबल जोडा, आणि सगळ्यांत आधी सेटमधली मूळ फाइल वाचून घेऊन वेगळी जपून ठेवा. काही बिघडलं तर परत यायला ती हवी. मग एक कोरी फाइल उघडा. सर्वसाधारण मांडणीच्या पानावर तुमचा आयडी आणि कॉलसाइन भरा. त्यानंतर संपर्कांच्या यादीत तीन नोंदी करा. ४०४, प्रकार समूह. ९१, प्रकार समूह. आणि ९९९०, प्रकार खासगी. हा शेवटचा पोपट आहे. ब्रँडमायस्टरवर ९९९० ला खासगी कॉल करून बोललात की थोड्या वेळात तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येतो. आकडा बरोबर पण प्रकार समूह ठेवला, तर पोपट बोलत नाही आणि माणूस तासभर अँटेना तपासत बसतो.

नंतर ऐकण्याची यादी, म्हणजे आरएक्स ग्रुप लिस्ट. इथे थोडं थांबायला हवं, कारण नव्या माणसाची बहुतेक निराशा या एका यादीतून येते.

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी त्याचा सेट घेऊन आला होता. सेट नवा, अँटेना ठीक, आयडी बरोबर, आणि तरीही महिनाभर त्याच्या कानावर एक शब्द पडला नव्हता. सेट सदोष आहे अशी त्याची खात्री झाली होती. मी सेट टेबलावर ठेवायला सांगितला आणि फक्त सेटच्या डोक्यावरच्या दिव्याकडे बघू म्हटलं. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला, पाच-सहा सेकंद हिरवा राहिला, विझला, पुन्हा हिरवा झाला. स्पीकर गप्प. म्हणजे सेटला सिग्नल येत होता. फ्रिक्वेन्सी बरोबर होती. मी त्याला डिजिटल मॉनिटर चालू करायला सांगितलं. या सोयीत सेट टॉकग्रुपची चौकशी न करता येईल ते ऐकवतो. लगेच आवाज आला, स्वच्छ. आता बाकी राहिली ती एकच जागा. त्याची ऐकण्याची यादी उघडली तर तिच्यात अमेरिकेतल्या राज्यांचे टॉकग्रुप एकाखाली एक होते आणि ४०४ कुठेच नव्हता. फाइल कुणा अमेरिकन हॅमची होती. सेट बिचारा सांगितलं तेवढंच करत होता: यादीत नाही ते ऐकवायचं नाही. आम्ही ती फाइल बाजूला ठेवली, कोरी उघडली, आणि त्याने स्वतःच्या हाताने तीन चॅनल भरले. पहिला पोपट, दुसरा ४०४, तिसरा सिम्प्लेक्स, ज्याबद्दल पुढे सांगतो. चहा व्हायच्या आत पोपटाने त्याचा आवाज त्याला परत ऐकवला. हिरवा दिवा आणि गप्प स्पीकर दिसला की यादी बघायची, हे त्याला आता कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.

तेव्हा यादीत तुम्हाला ऐकायचे टॉकग्रुप घाला, सुरुवातीला दोनच. मग चॅनल. घेण्याची आणि पाठवण्याची फ्रिक्वेन्सी, कलर कोड, स्लॉट, संपर्क, ऐकण्याची यादी. बोलण्याची परवानगी केव्हा, असा एक रकाना असतो. रिपीटरच्या चॅनलवर तो ‘कलर कोड फ्री’ ठेवा, म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यावर तुमचा सेट चढणार नाही. पॉवर आधी कमी ठेवा. बोलण्याची कालमर्यादा तीन मिनिटं ठेवा, खिशात पीटीटी दाबली गेली तर ती वाचवते. शेवटी हे चॅनल एका झोनमध्ये, म्हणजे चॅनलांच्या गटात, ठेवायला विसरू नका. झोनमध्ये नसलेला चॅनल सेटच्या पडद्यावर सापडतच नाही. सेटमध्ये सांकेतिक संरक्षणाचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, पर्याय दिसेल. तो बंदच ठेवायचा. हौशी सेवेत अर्थ लपवून बोलायला सर्वसाधारणपणे परवानगी नसते, आणि ते योग्यच आहे.

फ्रिक्वेन्सीबद्दल सावध राहा. आयती परदेशी फाइल वापरू नका, या आग्रहामागे हे सर्वांत ठोस कारण आहे. आपल्याकडे हौशी सेवेला दोन मीटरच्या बँडात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सत्तर सेंटिमीटरच्या बँडात ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. युरोपात तोच बँड ४३० ते ४४० आहे, अमेरिकेत ४२० ते ४५०. अमेरिकन हॅमची दोन मीटरवरची नेहमीची हाक मारण्याची फ्रिक्वेन्सी १४६.५२० आहे, ती आपल्या मर्यादेबाहेर जाते. युरोपातल्या लेखांत हॉटस्पॉट, म्हणजे इंटरनेटला जोडलेलं घरचं छोटं रेडिओयंत्र, ४३८.८ वर ठेवा असं लिहिलेलं असतं. तीही आपल्यासाठी बाहेरची. तिथल्या हॅमसाठी जे निर्धोक आहे ते इथे दुसऱ्या सेवेच्या जागेत घुसणं ठरतं. सेट तुम्हाला अडवणार नाही. तो सांगाल तिथे बोलेल.

त्या चार मेगाहर्ट्झांतही सगळी जागा एकसारखी नाही. ४३५ ते ४३८ या पट्ट्यात जगभरचे हौशी उपग्रह बोलतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हौशी रिपीटर ४३७.८०० वर उतरतो. आपला स्वतःचा हॅमसॅट हा उपग्रह ५ मे २००५ रोजी पीएसएलव्हीवरून गेला आणि कितीतरी वर्षं त्याने अनेकांना उपग्रहावरून बोलायला शिकवलं. तो आज शांत असला तरी त्याच्यासारखे दुसरे वर फिरत आहेत, आणि शंभर रुपयांच्या तारेची अँटेना हातात धरून गच्चीवर त्यांचा क्षीण आवाज पकडणारी मुलं तुमच्याच कॉलनीत असू शकतात. तुमचा हॉटस्पॉट दिवसरात्र त्याच फ्रिक्वेन्सीवर चालू असेल तर त्यांचं ऐकणं बुडतं. म्हणून उपग्रहांचा पट्टा सोडा, ४३४ आणि ४३५ च्या मध्ये जागा शोधा, आणि ठरवण्याआधी ती जागा एफएमवर काही दिवस ऐका.

हॉटस्पॉटचा उल्लेख आला म्हणून सांगतो. जवळपास डीएमआर रिपीटर असेल तर सुरुवात त्याच्यापासूनच करा. रिपीटर म्हणजे खरा रेडिओ. अँटेना कुठे उभी केली, डोंगर आड येतो का, पाच वॉटला कुठपर्यंत पोचतो, हे सगळं तिथे शिकायला मिळतं. पण महाराष्ट्रातल्या पुष्कळ तालुक्यांत असा रिपीटर आवाक्यात नाही आणि तिथल्या हॅमपुढे हॉटस्पॉटच उरतो: रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, त्यावर रेडिओची एक पट्टी, आणि पाय-स्टारसारखं मोफत सॉफ्टवेअर. त्याची ताकद दहा मिलिवॉटच्या आसपास असते. तो तुमचा आवाज घरच्या इंटरनेटवरून ब्रँडमायस्टरला पोचवतो.

हे यंत्र लहान असलं तरी ते तुमच्या कॉलसाइनखाली चालणारं प्रक्षेपण आहे, हे मनात पक्कं ठेवा. तुमच्या परवान्यासोबत आलेल्या अटी पूर्ण वाचा: कुठले प्रकार, किती ताकद, इंटरनेटशी जोडण्याबद्दल काय. शंका वाटली तर डब्ल्यूपीसीला लेखी विचारा आणि उत्तर हातात येईपर्यंत थांबा. रिपीटर उभारायला तर वेगळी परवानगी लागतेच. चौकशी न करता चालू करून टाकू, पुढचं पुढे बघू, ही वृत्ती या छंदाला परवडणारी नाही. एकाच्या निष्काळजीपणाने सगळ्यांच्या सवलती अडचणीत येतात.

हॉटस्पॉटवर दोन गोष्टी हमखास त्रास देतात. एक म्हणजे सेट आणि हॉटस्पॉट एकाच टेबलावर ठेवून बोलणं. इतक्या जवळून सेटचा जोर त्या नाजूक पट्टीला सोसत नाही. सेटची पॉवर सर्वांत कमी करा आणि दुसऱ्या खोलीतून बोला. दुसरी म्हणजे पट्टीवरचा स्फटिक थोडा घसरलेला असणं. पाय-स्टारच्या पडद्यावर तुमच्या बोलण्यासमोर बीईआर, म्हणजे चुकीच्या बिटांचं प्रमाण, टक्क्यांत दिसतं. ते एक टक्क्याच्या आत असेल तर छान. चार-पाच टक्के दिसलं तर फ्रिक्वेन्सीचा ऑफसेट थोडा-थोडा, पन्नास-शंभर हर्ट्झच्या टप्प्याने सरकवत पोपटाशी बोलत राहा. आकडा खाली येतो आणि आवाज सुधारतो, ते तुमच्याच कानांना कळतं.

पोपटाशी पुष्कळ बोला. माइक तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरपा. ओरडू नका. आपला आवाज पलीकडे कसा जातो हे एफएमवर कधी कळत नव्हतं. इथे ते फुकट कळतं. पोपट समाधानी झाला की मगच ४०४ वर जा.

तिथे गेल्यावर आधी ऐका. पीटीटी दाबल्यावर सेकंदभर थांबून मग कॉलसाइन बोला, कारण साखळी जागी व्हायला तेवढा वेळ लागतो आणि घाई केली की तुमच्या कॉलसाइनची पहिली दोन अक्षरं खाल्ली जातात. दुसऱ्याचं बोलणं संपल्यावर दोन-तीन सेकंद जाऊ द्या. ही पोकळी म्हणजे रिकामा वेळ नव्हे. एखाद्याला तातडीचं काही सांगायचं असेल, एखादा नवखा हिय्या करून पहिल्यांदा बोलू पाहत असेल, त्याला शिरायला तेवढीच फट असते. ९१ वर कुणी भेटलं तर ओळख झाल्यावर दुसऱ्या टॉकग्रुपवर जा. एवढा मोठा टॉकग्रुप गप्पांसाठी अडवून धरला की जगभरचे शेकडो रिपीटर तुमच्यासाठी अडकतात. ४०४ वर केरळचा, आसामचा, पंजाबचा माणूस ऐकत असतो, तेव्हा सगळ्यांना कळेल त्या भाषेत बोलावं. समोर मराठी माणूस निघाला, मग तो सोलापूरचा असो की दुबईचा, तर मराठीत खुशाल बोला. आपल्या भाषेत रेडिओवरून बोलण्याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. धंद्याच्या गोष्टी, गाणी, राजकारणाचे वाद मात्र तिथे नकोत.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हॉटस्पॉटवर रमलेला हॅम हळूहळू विसरतो की त्याचं सगळं बोलणं घरच्या वायफायवर आणि विजेवर टांगलेलं आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमेच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. दूरध्वनी बंद पडलेल्या त्या बेटांची खबर मुख्य भूमीला देण्यात त्यांच्या रेडिओचा मोठा वाटा होता, आणि तो रेडिओ कुठल्याही साखळीवर अवलंबून नव्हता: अँटेना, सेट, वीज आणि बोलणारी व्यक्ती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा तिथल्या लोकांचे मोबाइलही मुके झाले होते. अशा रात्री इंटरनेटवरचा डीएमआर काहीच करू शकत नाही.

सिम्प्लेक्स डीएमआर करू शकतो. म्हणजे सेटवरून थेट सेटवर, मध्ये काही नाही. म्हणून त्या विद्यार्थ्याचा तिसरा चॅनल सिम्प्लेक्सचा होता. घेण्याची आणि पाठवण्याची फ्रिक्वेन्सी एकच, कलर कोड १, स्लॉट १, टॉकग्रुप ९९, बोलण्याची परवानगी ‘नेहमी’. पुष्कळ ठिकाणी हाच संकेत आहे. महिन्यातून एकदा शेजारच्या हॅमबरोबर त्यावर बोलून बघा: एक जण गच्चीवर, दुसरा गावाबाहेरच्या टेकडीवर. कुठून कुठपर्यंत पोचतं हे वहीत लिहून ठेवा. ती वही पुराच्या रात्री कामी येते.

त्याच फ्रिक्वेन्सीजवळ एक एफएमचा चॅनलही ठेवा. डीएमआरचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. एफएम खरखरत जातो, पण त्या खरखरीतूनही सरावलेला कान गावाचं नाव आणि माणसांचा आकडा उचलू शकतो. संकटात दोन्ही हवेत, आणि तुमच्या सेटमध्ये दोन्ही आहेत.

तीन चॅनलचा कोडप्लग पंधरा दिवस वापरलात की चौथा कुठला हवा ते तुम्हालाच कळेल. त्यापुढे जगातल्या हॅमची नावं दाखवणारी दोन लाखांहून मोठी यादी सेटमध्ये भरा, प्रवासासाठी रोमिंग लावा, दोन स्लॉट चालणारा डुप्लेक्स हॉटस्पॉट बांधा, सगळं करा. तोपर्यंत काही अडलं तर कुठे पाहायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

आणि जे आधीपासून हॅम आहेत त्यांना विनंती. कुणी नवा मुलगा किंवा मुलगी ‘तुमचा कोडप्लग पाठवा ना’ म्हणाली, तर प्रेमाने नाही म्हणा. त्याऐवजी रविवारी घरी बोलवा, कोरी फाइल उघडा, शेजारी बसा, आणि कीबोर्ड त्यांच्या हातात द्या.